लढाईवरून धाकट्या भावास आलेले पत्र

आमच्या घरी पत्र्याची जुनी ट्रंक आहे. तिच्या तळाशी, रेशनकार्डाच्या खाली, 1943 सालचे एक पत्र आहे. आमच्या थोरल्या चुलत्यांनी ते फौजेतून आपल्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या वडिलांना धाडले. पत्रावर ठिकाणाचे नाव नाही. लढाईच्या दिवसांत शिपायाने आपण कोठे आहोत हे लिहायचे नाही, असा कायदाच होता. साहेबाने वाचल्याशिवाय पत्र पुढे जात नसे.

बंधूभगिनींनो, या एका कागदामागे मोठा इतिहास आहे. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत आपली माणसे पिढ्यान्पिढ्या होती. फौजेत शिपायांची मुलेबाळे शिकत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे फौजेच्याच शाळेत शिक्षक होते. पुढे इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’चे खूळ काढले आणि 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद केली. नुसता पगार गेला नाही, शाळेचे दारही बंद झाले. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या सरकारकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी केली, आणि काम सरल्यावर 1921 साली मोडून टाकली! गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय?

दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आमचे चुलते तिच्यातच भरती झाले.

आता पत्रात काय आहे? बंदुकीचा शब्द नाही. आईचा खोकला कसा आहे, मनिऑर्डर पोचली का, घराचे छप्पर शाकारले का, एवढी विचारपूस. आणि शेवटी धाकट्याला सांगणे, की मला अक्षर येत नाही म्हणून हे पत्र सोबत्याकडून लिहून घेतले, पण तुझे उत्तर तू स्वतःच्या हाताने लिही, शाळा सोडू नको.

वडिलांनी उत्तर स्वतः लिहिले. शाळा मात्र चौथीत सुटली, कारण पोट. ते मुंबईला येऊन मिलमध्ये लागले. ही सल त्यांना जन्मभर होती. आम्ही मिलमध्ये लागलो तरी आम्हाला रात्रशाळेत पाठवले, आमच्या बहिणीलाही शिकवले. भावाला दिलेला शब्द त्यांनी असा फेडला, असे आम्ही मानतो.

आपल्या वस्तीत अशी कार्डे, बिल्ले, फोटो अजून असतील. घर बदलताना ती रद्दीत जातात. आमची हात जोडून विनंती आहे, की ती फेकू नका. विहारात आणा, आपण त्यांच्या नकला काढून ठेवू. आपला इतिहास आपण जपला नाही तर दुसरा कोण जपणार?

जयभीम.