मुंबईचें रक्त आणि एक हरवलेली शर्करा

इंदापूर तालुक्यांतील वरकुट्याच्या शेतकऱ्याला साखर म्हटली कीं ऊस आठवेल, शहरांतील गृहिणीला चहाचा डबा. आज जिच्याविषयीं बोलावयाचें आहे ती शर्करा आपल्या तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर असते. आणि ती तेथें नसली तर काय ओढवतें, हें जगाला मुंबईच्या रक्तावरून कळलें.

१९०१ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल लँडस्टायनर यांनीं मनुष्याचे रक्तगट जाहीर केले. पुढें 'ओ' गटाचें रक्त कोणासही चालतें, अशी समजूत रूढ झाली. तिला तडा गेला तो मुंबईंत. १९५२ सालीं डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांनीं लंडनच्या संशोधकांसह 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत एक टिपण प्रसिद्ध केलें. त्यांत वर्णिलेलें रक्त नेहमींच्या कसोटीस 'ओ'च भासे. परंतु त्या माणसांचा रक्तरस 'ओ' गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करी. मग अशा रोग्यास रक्त द्यावयाचें तरी कोणाचें?

त्या टिपणाच्या लेखकांत मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हीं नांवें आहेत. ह्याच दोघांनीं त्याच वर्षीं एक नामी प्रयोग प्रसिद्ध केला. वाम जातीच्या माशाचा रक्तरस 'ओ' पेशींच्या गुठळ्या करतो. त्यांत फ्युकोज नांवाची साधी शर्करा घातली, तर गुठळ्या होत नाहींत. 'ओ' पेशींवरील 'एच' नांवाची खूण ह्या शर्करेनें घडते, हें त्यावरून उमगलें.

पण शर्करा आपण होऊन तेथें जाऊन बसत नाहीं. तिला वाहून आणणारा एक रेणू लागतो, आणि त्याच्यापासून ती सोडवून नेमक्या जागीं जोडणारें एन्झाइम लागतें. अशा वाहक रेणूंचा शोध लावल्याबद्दल अर्जेंटिनाचे लुई लेलुआर यांना १९७० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. एक एन्झाइम फ्युकोज जोडून 'एच' तयार करतें. त्यावर दुसरें एन्झाइम आपली शर्करा चढवून 'ए' किंवा 'बी' घडवतें. मुंबई गटाच्या माणसांत हें पहिलेंच एन्झाइम तांबड्या पेशींसाठीं काम करीत नाहीं. पायाच नाहीं, तेथें मजला कोठून चढणार? 'ए' वा 'बी'चा वारसा असूनही तो रक्तांत दिसत नाहीं. पुढच्या पिढींत मात्र तो अवचित प्रकट होतो आणि घरच्यांना कोड्यांत टाकतो.

फ्युकोज जोडणारीं एन्झाइमें एकच नव्हेत, त्यांचें एक मोठें कुटुंबच आहे. कोणतें कोणत्या जागीं शर्करा जोडतें, हें ठरवावयाचें तर त्यांना वेगळें काढणें प्राप्त होतें, आणि हें काम किती चिकाटीचें! यकृताचा लगदा करावा, त्यांतील हजारों प्रथिनें गाळीत जावीं, शेवटीं शर्करावाहकासारखा रेणू जडवलेल्या दाण्यांच्या नळींतून तो द्रव सोडावा. हवें तें एन्झाइम त्या दाण्यांना धरून राहतें. वॉटकिन्सबाईंनीं सहकाऱ्यांसह १९९५ सालीं मानवी यकृतांतील असेंच एक एन्झाइम शुद्ध करून त्याचे गुणधर्म प्रसिद्ध केले. तें 'एच' घडवणारें नव्हें. तें दुसऱ्या शर्करेवर, दुसऱ्या जागीं फ्युकोज जोडतें. मुंबईच्या टिपणानंतर ४३ वर्षांनींही ह्या विदुषी त्याच शर्करेच्या मागावर होत्या, ह्याचें मला मोठें नवल वाटतें. दरम्यान १९९० सालीं 'एच' एन्झाइमचें जनुक हातीं आलें होतें, आणि १९९४ सालीं मुंबई गटाच्या माणसांत त्यांतील दोषही सांपडला.

असा गट भारतांत सुमारे दहा हजारांत एकाचा असतो. एरवीं त्या माणसास कांहीं त्रास नसतो. परंतु नुसत्या 'ए', 'बी'च्या चांचणीवर विसंबून त्यास 'ओ' रक्त दिल्यास प्राणावर बेततें. म्हणून रक्तपेढींत 'ओ' भासणारें रक्त 'एच'च्या कसोटीसही लावावें, आणि देण्यापूर्वीं दात्याचें व रोग्याचें रक्त जुळवून पाहावें. दाता शोधावयाचा तर प्रथम सख्ख्या भावंडांत. कारण दोष आईबापांकडून मिळून येतो, आणि प्रत्येक भावंडांत तो असण्याचा संभव साधारणतः चारांत एक असतो.