इंजिनातला गाळ आणि बाटलीतलं औषध

मागच्या वेळी आपण पेट्रोलमधल्या शिशाची गोष्ट पाहिली. आज त्याच इंजिनात थोडं खाली उतरू, ऑइल चेंबरपर्यंत. तुमच्यापैकी ज्यांनी जुनी गाडी सांभाळली आहे त्यांनी हे दृश्य पाहिलं असेल. मेस्त्री टॅपेट कव्हर उघडतो आणि आत काळ्या, चिकट, काजळ घातलेल्या साबुदाण्याच्या खिरीसारख्या गोष्टीचा थर दिसतो. मेस्त्री आपल्याकडे बघतो आणि विचारतो, "साहेब, फ्लशिंग मारू का?" या एका प्रश्नामागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात फोर्डच्या मॉडेल टीपासून करू. गाडीबरोबर मालकाला एक पुस्तिका मिळायची. तिच्यात सांगितलं होतं की नवीन गाडी 400 मैल चालली की तेल काढून टाका, आणि पुढे दर 750 मैलांनी तेच करा. जुनं तेल काढल्यावर चेंबरमध्ये एक गॅलन रॉकेल ओता, इंजिन हातानं पंधरा-वीस वेळा फिरवा आणि रॉकेल काढून टाका. आतल्या खळग्यांत थोडं रॉकेल राहतंच, म्हणून गाडी फुटपाथच्या कडेइतक्या उंचवट्यावर चढवून तिरकी करा. म्हणजे रॉकेलनं इंजिन धुणं ही काही आपल्या गॅरेजवाल्यांनी शोधलेली जुगाड नव्हे. त्या काळी ती खुद्द कंपनीचीच सूचना होती.

अशी धुलाई का करावी लागत होती? तेव्हाचं तेल म्हणजे नुसतं तेल होतं, त्यात काहीही मिसळलेलं नसे. अशा तेलाला उष्णता आणि हवा मिळाली की ते ऑक्सिडाइझ होऊन आंबतं, घट्ट होतं. त्यात पिस्टनच्या बाजूनं निसटलेले जळके वायू येतात, अर्धवट जळलेलं पेट्रोल येतं, काजळी येते आणि पाणी येतं. पाणी कुठून आलं, असं लोक नेहमी विचारतात. पेट्रोल जळलं की वाफ तयार होतेच, आणि इंजिन थंड असेल तर ती आत दवासारखी जमते. या सगळ्याचा मिळून जो लगदा होतो तो स्लज. त्यावर पहिला उपाय यांत्रिक होता. 1923 साली अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॅल्श यांनी मोटारीसाठी तेलाचा फिल्टर बनवला आणि त्याला 'प्युरोलेटर' असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी आलेल्या क्रायस्लरच्या गाडीत तेल-फिल्टर बसवलेला होता. पण फिल्टर खडे पकडतो. तेलात विरघळलेला मळ तो पकडू शकत नाही. तो नंतर बाहेर पडतो आणि थंड कोपऱ्यात जाऊन बसतो.

खरी कलाटणी मोटारीमुळे आली नाही, ट्रॅक्टरमुळे आली. हा भाग मला स्वतःला फार आवडतो, म्हणून थोडा वेळ घेतो. 1931 साली कॅटरपिलरनं डिझेलचा ट्रॅक्टर बाजारात आणला. डिझेल इंजिन जास्त तापायचं आणि काजळीही जास्त करायचं. पिस्टनच्या खाचांत तेल जळून लाखेसारखं चिकटायचं आणि पिस्टन-रिंगा अडकून बसायच्या. रिंग अडकली की दाब जातो, इंजिन धूर ओकतं, आणि शेतातला ट्रॅक्टर नांगराच्या तासातच उभा राहतो. मग कॅटरपिलर आणि तेल कंपन्या एकत्र बसल्या. 1930 च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलनं तेलात धातूचा साबण मिसळून पाहिला. हो, रसायनशास्त्राच्या भाषेत तो साबणच. रिंगा मोकळ्या राहू लागल्या. हेच ते 'डिटर्जंट' तेल. पण एक दुखणं बरं करताना दुसरं उभं राहिलं. हे साबण तेलाच्या ऑक्सिडेशनला हातभार लावायचे आणि त्यातून झालेलं आम्ल बेअरिंगच्या मिश्रधातूला खायचं. मग ते थांबवायला आणखी एक रसायन घालावं लागलं. आजच्या तेलाच्या डब्यात जे आठ-दहा घटक असतात ते असेच एकामागून एक आले आहेत, मागच्यानं केलेला घोळ पुढच्यानं निस्तरायचा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करानं अशा तेलासाठी स्वतःचं मानक ठरवलं, आणि 1947 साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं तेलाचे तीन वर्ग केले: रेग्युलर, प्रीमियम आणि हेवी ड्यूटी. डिटर्जंट होतं ते तिसऱ्या वर्गात.

आता ते सामान्य मालकापर्यंत पोचलं आणि गंमत सुरू झाली. नवं तेल घातल्यावर थोड्याच दिवसांत काळं व्हायचं. लोक म्हणू लागले, फसवलं, तेल लवकर खराब होतंय. खरं तर उलट होतं. मळ भिंतीवर बसण्याऐवजी तेलात तरंगत होता, म्हणून तेल काळं दिसत होतं. साबणाच्या पाण्यात कपडे भिजवले की पाणी मळतं, त्याला आपण साबण वाईट म्हणतो का? दुसरी तक्रार मात्र खरी होती. ज्या इंजिनात वर्षानुवर्षं साधं तेल होतं आणि बोटभर गाळ साठला होता, त्यात डिटर्जंट तेल ओतलं की गाळाचे तुकडे सुटायचे. ते जाऊन तेलपंपाच्या जाळीवर बसायचे. जाळी तुंबली की तेल वर चढत नाही आणि मग काही मिनिटांत बेअरिंग जातं. "जुन्या गाडीला चांगलं तेल मानवत नाही" ही समजूत तिथली आहे, आणि ती पूर्णपणे खुळचट नाही.

या शब्दानंच बरीच दिशाभूल केली, असं माझं मत आहे. डिटर्जंट म्हटलं की आपल्याला मळलेलं धुणं आठवतं. या रसायनांचं मुख्य काम मळ बसू न देणं हे आहे. बसलेला मळ काढणं हे त्यांचं दुय्यम काम, आणि ते हळूहळू होतं. शिवाय ती उष्ण भागात, पिस्टनपाशी चांगली चालतात. युद्धानंतर शहरात दोन मैल जायचं, थांबायचं, परत निघायचं असा वापर वाढला. इंजिन धड तापेचना, आणि पाणी-तेलाचा मऊ गाळ होऊ लागला. तिथे धातूचा साबण कमी पडला. म्हणून 1960 च्या दशकात सक्सिनिमाइड जातीची, धातू नसलेली 'डिस्पर्संट' आली. ती मळाच्या कणाला चहूबाजूंनी वेढून दुसऱ्या कणाला चिकटू देत नाहीत. त्याच सुमारास, प्रदूषण कमी करायला, चेंबरमधले वायू बाहेर न सोडता पुन्हा इंजिनात ओढणारा पीसीव्ही व्हॉल्व आला. 1961 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात तो दिसू लागला. हा व्हॉल्व गाळानं तुंबला की वाफ आत कोंडते आणि गाळ आणखी वाढतो.

या सगळ्याला समांतर बाटल्यांचा धंदा चालू होता. 1923 साली 'मार्व्हल मिस्टरी ऑइल' निघालं. 'मिस्टरी' म्हणजे गूढ. काय घातलंय ते सांगायचं नाही, हीच जाहिरात. 1950 च्या दशकात 'एसटीपी' आलं आणि अँडी ग्रॅनाटेली या शर्यतवाल्या माणसानं ते घरोघरी पोचवलं. ते मुख्यतः तेल घट्ट करणारं द्रव्य होतं. 1978 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं खोट्या दाव्यांबद्दल कंपनीकडून पाच लाख डॉलर दंड वसूल केला. सगळ्याच बाटल्या खोट्या असतात असं मी म्हणत नाही. फ्लशिंगच्या बाटलीत पातळ द्रावक आणि थोडं डिटर्जंट असतं, आणि त्यानं मऊ गाळ सुटतो. पण सुटून तो जातो कुठे? तीच जाळी!

गाळ कुणामुळे होतो हा वाद तर पुढे कोर्टात गेला. 1980 च्या दशकात जर्मनीत, ब्रिटनमध्ये 'ब्लॅक स्लज'ची लाट आली आणि तेलाच्या चाचण्या कडक झाल्या. मग 2002 साली टोयोटानं 1997 ते 2002 या मॉडेलांतल्या तेहतीस लाखांच्या आसपास गाड्यांसाठी गाळाच्या नुकसानीची जबाबदारी आठ वर्षांपर्यंत वाढवली. मालकांनी वेळेवर तेल बदललं नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. आम्ही बदललं, पावत्या आहेत, असं मालक सांगत होते. 2007 साली तडजोड झाली. जाता जाता सांगतो, गाडीच्या कामाच्या पावत्या जपून ठेवा.

आपल्याकडचा धागा जवळचाच आहे. 1966 साली इंडियन ऑइलच्या भागीदारीत लुब्रिझोल इंडिया सुरू झाली, आणि तिचा कारखाना नवी मुंबईत तुर्भ्याला आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातून रोज जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल की आपल्या गाडीतला साबण इथेच तयार होतो?

तर मेस्त्रीच्या प्रश्नाचं उत्तर. थर पातळ असेल तर बाटली नको. चांगलं तेल घाला, हजार-दीड हजार किलोमीटरला फिल्टरसकट बदला, असं दोन-तीनदा करा. पीसीव्ही तपासून घ्या. थर जाड असेल तर चेंबर खोलायला सांगा, जाळी हातात घेऊन बघा आणि ब्रशनं धुऊन घ्या. मजुरी द्यावी लागेल, मेस्त्री कुरकुरेल. आणि डिझेल ओतून इंजिन चालू करतो म्हणाला, तर त्याला सांगा की मॉडेल टीवाले सुद्धा रॉकेल घातल्यावर इंजिन हातानंच फिरवायचे.