घरचा नायट्रोजन, बाहेरचा गंधक

१८८२ साली झुरिकमध्ये व्हिक्टर मायर विद्यार्थ्यांना बेंझिनची ठरलेली परीक्षा दाखवत होते. इसाटिन आणि सल्फ्युरिक आम्ल घातले की बेंझिन निळे होते, असा तेव्हाचा पाठ. त्या दिवशी रंग येईना. बेंझिन नेहमीसारखे कोळशाच्या डांबरातले नव्हते, बेंझॉइक आम्लापासून केलेले होते, हे साहाय्यक सँडमायरने लक्षात आणून दिले. म्हणजे निळाईचे श्रेय आजवर भलत्यालाच मिळत होते! डांबरातल्या बेंझिनमध्ये लपलेला खरा धनी मायर यांनी हुडकला. तो थायोफिन, चार कार्बन आणि एक गंधक यांचे कडे.

कोळशात हा गंधक आला कुठून? झाडांतून म्हणावे, तर झाडांत तो असतो अगदी थोडा. गोड्या पाण्याच्या दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा कोळसा म्हणूनच कमी गंधकाचा निघतो. भारतातला गोंडवाना कोळसा बहुतांशी असा, एक टक्क्याच्या आतबाहेर गंधक असलेला. आसामातल्या माकुमचा कोळसा मात्र वयाने कितीतरी लहान असूनही गंधकाने भरलेला आहे, कारण त्याच्या दलदलीला समुद्र लागून होता.

समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. दलदलीच्या तळाशी, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथले जिवाणू श्वसनासाठी हे सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. जवळ लोह असेल तर त्यातून पिवळे चमकदार पायराइट तयार होते. लोह अपुरे पडले की उरलेला गंधक कुजणाऱ्या वनस्पतीच्या रेणूंनाच जाऊन चिकटतो आणि पुढे उष्णता व दाबाखाली थायोफिनसारख्या कड्यांत कायमचा बसतो. माकुमचा बराचसा गंधक या दुसऱ्या प्रकारचा.

नायट्रोजनची कुळकथा साधी. तो मुख्यतः घरचाच, वनस्पतींच्या आणि त्यांच्यावर जगलेल्या सूक्ष्मजीवांच्या प्रथिनांतून आलेला. प्रथिने लवकर कुजतात, तरी त्यांतला काही नायट्रोजन पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, अडकून राहतो आणि कोळसा पिकताना पायरोल व पायरिडिनच्या कड्यांत शिरतो. हे पायरोल रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांना १८३४ सालीच कोळशाच्या डांबरात सापडले होते. बहुतेक कोळशांत नायट्रोजन एक ते दोन टक्केच असतो, मग समुद्र जवळ असो वा लांब.

कोळसा धुताना पायराइट जड म्हणून बरेचसे वेगळे काढता येते. कड्यांत बसलेला गंधक आणि नायट्रोजन मात्र कितीही धुतले तरी हलत नाहीत. त्यांचा बंदोबस्त भट्टीत आणि धुराड्यातच करावा लागतो.