मध्यम आकाराची एसयूव्ही : खरेदीपूर्व तुलना

मध्यम आकाराची एसयूव्ही म्हणजे साधारण ४.२ ते ४.४ मीटर लांबीची, उंच बांध्याची, पाच आसनी मोटार. भारतात हा गट रेनो डस्टर (२०१२) आणि ह्युंदाई क्रेटा (२०१५) यांनी रुजवला. किया सेल्टोस, स्कोडा कुशाक, फोक्सवॅगन टायगुन, मारुती सुझुकी ग्रँड व्हिटारा, टोयोटा हायरायडर, होंडा एलिव्हेट ही पुढची नावे. कुशाक आणि टायगुन पुण्याजवळ चाकणला तयार होतात. या दोन्ही गाड्यांचा सांगाडा एकच. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांचेही तसेच. अशा जोड्यांत किंमत, वॉरंटी आणि गावाजवळचे सर्व्हिस सेंटर यांवरच निवड ठरते.

किंमत : तुलना ऑन-रोड किमतीची करावी. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर वैयक्तिक नोंदणीसाठी १२ टक्के, तर डिझेलवर १४ टक्के रस्ताकर पडतो, विमा वेगळा. एका गाडीचे वरचे व्हेरियंट आणि दुसरीचे खालचे समोरासमोर ठेवले, तर निष्कर्ष फसवा निघतो.

इंजिन : केवळ अश्वशक्ती पाहणे पुरेसे नाही. क्रेटाच्या १.५ लिटर पेट्रोल इंजिनची शक्ती ११५ पीएस, डिझेलची ११६ पीएस, म्हणजे जवळपास सारखीच. टॉर्क मात्र अनुक्रमे १४४ आणि २५० न्यूटन-मीटर. पाच माणसे आणि सामान घेऊन खंबाटकी घाट चढताना पेट्रोल गाडीला गिअर खाली घ्यावा लागतो, त्याच चढावर डिझेल सहज ओढते. या गटातील बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या दोनच चाकांना मिळते. उंच बांधा म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह नव्हे.

इंधनखर्च : जाहिरातीतील मायलेज प्रयोगशाळेतील रोलरवर मोजलेले असते. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. हायब्रिडचा खरा फायदा सिग्नलच्या, थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत होतो. सलग वेगाने जाणाऱ्या महामार्गावर तो कमी होतो.

जागा : हायब्रिडची बॅटरी मागच्या बाजूला असल्याने डिकीचा तळ वर येतो आणि जागा साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा बरीच घटते. एलिव्हेटची डिकी ४५८ लिटरची, तर कुशाकची ३८५ लिटरची. रोजच्या वापरातील बॅगा शोरूममध्ये नेऊन डिकीत ठेवून पाहाव्यात. मागच्या आसनावर तीन प्रौढ माणसे प्रत्यक्ष बसवावीत. खांद्यांची अडचण माहितीपत्रकात दिसत नाही.

सुरक्षा : भारत एनकॅप ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, ती ऐच्छिक आहे. समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरने, बाजूची ५० किलोमीटरने, तर खांबावरची आडवी धडक २९ किलोमीटरने घेतली जाते. प्रौढ आणि बालप्रवासी यांचे तारे वेगवेगळे दिले जातात, दोन्ही पाहावेत. ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये निकष कडक केले, त्यामुळे त्याआधीचे तारे आणि नंतरचे तारे एका मापाचे धरू नयेत. आपण घेत असलेल्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग, ईएससी आणि मुलांच्या आसनासाठी आयसोफिक्स आहेत का, हे लेखी घ्यावे.

अंतिम निवड : टेस्ट ड्राइव्ह कुटुंबासह, नेहमीच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर आणि चढावर घ्यावी. बजेट ताणावे लागले, तर सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनवर आधी पाणी सोडावे. ब्रेक, एअरबॅग आणि भक्कम सांगाडा यांवर कधीही सोडू नये.