अल्लाबंद

भूगोलाच्या पुस्तकात वली आणि भ्रंश हे शब्द व्याख्येपुरते येतात. व्याख्या पाठ झाली की धडा संपला! पण त्या दोन शब्दांचा अर्थ कळायला कच्छच्या रणात जावे लागते, आणि तेही दोनशे वर्षे मागे.

१६ जून १८१९ ची संध्याकाळ. भूज, अंजार भागात घरे कोसळली, दीड हजारांवर माणसे गेली. दूर अहमदाबादेत जामा मशिदीचे झुलते मिनार पडले. रणात सिंद्री नावाचा छोटा किल्ला होता, कच्छच्या राज्याचे जकातीचे ठाणे. तिथली जमीन खचली, पाणी भरले, बुरूज तेवढा वर राहिला. आणि उत्तरेला, जिथे सपाट मैदान होते, तिथे सुमारे ८० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ६ मीटरपर्यंत उंच असा बांध उभा राहिला!

सिंधच्या राज्यकर्त्यांनी पूर्वी नदीवर बांध घालून कच्छचे पाणी तोडले होते. ते बांध माणसांचे, म्हणून लोकांनी या नव्याला नाव दिले ‘अल्लाबंद’. अलेक्झांडर बर्न्स १८२७ आणि १८२८ मध्ये तो पाहून आला, आणि चार्ल्स लायलने ही हकीकत आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात घेतली.

फळीवर जाड गोधडी अंथरली आणि खाली फळी मोडून एक तुकडा वर सरकला, तर गोधडी फाटत नाही, तिला फुगवटा येतो. अल्लाबंद तसाच. मोडलेली फळी म्हणजे भ्रंश, फुगवटा म्हणजे वली.

पण फळी मोडते का? गोंडवन खंड फुटताना कच्छची जमीन ताणली जाऊन तिच्यात भ्रंश पडले. आता भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर सरकत आशियाला रेटतो आहे. त्यातला बराच रेटा हिमालय झेलतो. थोडा या जुन्या भेगांवर साठत राहतो आणि एखाद्या दिवशी सुटतो.

अंजारला तो १८१९ नंतर १९५६ मध्ये पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा २६ जानेवारी २००१ ला. त्या सकाळी अंजारच्या अरुंद गल्लीतून प्रजासत्ताक दिनाची फेरी चालली होती. दोन्ही बाजूंची घरे कोसळून १८५ मुले आणि २० शिक्षक गेले. २०२२ मध्ये तिथे त्यांचे स्मारक झाले. अशा किती फेऱ्यांबरोबर मीही चाललो आहे, त्यामुळे हा आकडा माझ्याने नुसता वाचून सोडवत नाही.

बांध अल्लाने घातला म्हणू या. पण ती गल्ली माणसांनीच आखली होती. नातवंडांच्या शाळेत जाल तेव्हा बाहेर पडायची वाट किती रुंद आहे, तेवढे एकदा पाहून या.