पाणी न ओतता पाळा कोरडा दिवस : बार्शीतल्या घरोघरच्या हौद, बॅरल, टाक्यांची काळजी

बार्शी : पावसाळा लागला की आरोग्य खात्याची गाडी गल्लीत फिरते, 'आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, पाण्याची सगळी भांडी रिकामी करा' असं सांगते आणि पुढच्या चौकात जाते. ऐकणारी बाई हौदाकडं बघते. पाणी परवा आलंय, पुढचं कधी येईल त्याचा भरवसा नाही, अन् भरलेला हौद ओतून द्यायचा कसा? सल्ला चुकीचा नाही, पण तो रोज पाणी येणाऱ्या घरासाठी आहे. बार्शीसारख्या गावात तो जरा वेगळ्या पद्धतीनं पाळावा लागतो.

बार्शीला पाणी येतं ते उजनीच्या फुगवट्यावरून, करमाळा तालुक्यातल्या कंदरहून. एवढ्या लांबून येणाऱ्या पाण्याच्या वाटेत वीज गेली, पाइप फुटला, पंप बंद पडला की शहराचं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून इथल्या घरात साठवण असतेच. जुन्या वाड्यात दगडी हौद आणि रांजण, पेठेतल्या दोन खोल्यांत निळी बॅरलं, उपळाई रोड, अलीपूर रोडकडच्या नव्या बंगल्यांत जमिनीखाली टाकी अन् गच्चीवर सिंटेक्स. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन जाणारी रेल्वे बार्शीवरूनच धावली होती. टंचाई म्हणजे काय हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. साठवलेलं पाणी मात्र नीट सांभाळलं नाही तर त्यातूनच आजार येतो, आणि तो आपल्या एकट्या घरापुरता राहत नाही.

डास कुठं होतो

डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास गटारात होत नाही. त्याला स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. हौद, बॅरल, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवर टाकलेला टायर, चिमण्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं, नारळाची करवंटी, सगळं त्याला चालतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस हा हिशेब तिथून आलाय. आठवड्याच्या आत साखळी तोडली की डास होत नाही.

पण लोक निम्मंच काम करतात. ही अंडी पाण्यात तरंगत नाहीत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. बॅरल रिकामं केलं, तसंच ठेवलं आणि चार दिवसांनी पुन्हा भरलं, तर तीच अंडी भिजून अळ्या होतात. कोरड्यात ती काही महिने टिकतात. त्यामुळे पाणी काढण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते भिंत घासणं. काथ्या किंवा प्लॅस्टिकचा ब्रश घेऊन कडेनं, विशेषतः वरच्या वितीभर पट्ट्यात, जोर लावून घासायचं.

हा डास दिवसा चावतो आणि फार लांब जात नाही, सहसा दोन-चारशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे गल्लीत डेंग्यूचा रुग्ण निघाला तर डास त्याच गल्लीतल्या कुणाच्या तरी भांड्यात झालेला असतो. धूर फवारणीनं उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात. फवारणीची मागणी जोरात होते, बॅरलचं झाकण मात्र कुणी मागत नाही.

पाणी वाचवून कोरडा दिवस

साधा उपाय असा, की सगळी भांडी एकाच दिवशी रिकामी करायची नाहीत. घरात दोन बॅरल असतील तर वापर एकातूनच करायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. पहिलं संपलं की घासून, उलटं करून उन्हात ठेवायचं. नवं पाणी आलं की ते यात भरायचं आणि वापर दुसऱ्यातून सुरू करायचा. पाण्याची पाळी लांबली आणि भरलेल्या बॅरलला आठवडा होत आला, तर पाणी ओतायचं नाही. जुन्या सुती धोतराची किंवा ओढणीची दुहेरी घडी रिकाम्या बॅरलच्या तोंडाला बांधायची आणि त्यातून पाणी गाळून घ्यायचं. अळ्या कापडात अडकतात. ते कापड मोरीत किंवा गटारात झटकायचं नाही, कोरड्या मातीवर उन्हात झटकायचं. पाण्याविना अळी तासाभरातच संपते. एक थेंब वाया जात नाही आणि कोरडा दिवसही होतो.

बांधलेला हौद असा फिरवता येत नाही. तिथं झाकण हाच उपाय. पत्र्याचं झाकण बहुतेक घरांत असतं, पण एका कोपऱ्यातून पाइप आत जातो आणि तिथं तीन बोटांची फट राहते. डासाला तेवढी पुष्कळ झाली. फटीला कापडाचा बोळा, हौदावर मच्छरदाणीचं कापड ताणून त्यावर झाकण, असं दुहेरी केलं तर काम होतं. गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला आणि संडासाच्या टाकीच्या हवेच्या नळीला जाळी बांधायची. शौचालयाच्या टाकीत गटारातले डास हजारोंनी होतात, ती जाळी काही रुपयांत बसते.

वापराच्या पाण्याचा मोठा हौद, बंद पडलेला आड, जनावरांची पाणपोई अशा ठिकाणी गप्पी मासे सोडता येतात. आरोग्य केंद्रात किंवा हिवताप विभागाकडे त्यांची चौकशी करावी. ज्या पाण्यात ब्लिचिंग टाकणार त्यात मासे सोडायचे नाहीत, क्लोरीननं ते मरतात. आणि हे मासे ओढ्यात, तळ्यात नेऊन टाकायचे नाहीत, तिथल्या मूळच्या माशांना ते त्रासदायक ठरतात. आरोग्य कर्मचारी हौदात अॅबेट नावाचं औषध टाकायला आले तर प्रमाण त्यांनाच ठरवू द्यावं.

पिण्याचं पाणी वेगळं काढा

पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ३० ते ३५ लिटर पाणी पुरतं. पाच दिवसांचा हिशेब केला तरी पावणेदोनशे लिटर होतात, म्हणजे २०० लिटरचं एक बॅरल. घरातलं सगळं पाणी शुद्ध करत बसण्यापेक्षा हे एक बॅरल नीट सांभाळणं सोपं. त्याला नळाची तोटी बसवून घ्यावी. ती नसेल तर लांब दांड्याचा ओगराळा. पेला, तांब्या, हात आत घातला की पुढची सगळी मेहनत गेली.

किती पाणी आहे ते कळल्याशिवाय औषधाचं प्रमाण ठरत नाही. चौकोनी हौदाची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत मोजायची, तिघांचा गुणाकार करून २८.३ नं गुणायचं, लिटर निघतात. ४ फूट लांब, ३ फूट रुंद हौदात ३ फूट पाणी असेल तर ३६ घनफूट, म्हणजे साधारण १०२० लिटर. गोल टाकीला व्यास गुणिले व्यास गुणिले उंची, आणि त्याला २२.२ नं गुणायचं.

ब्लिचिंग पावडर ताजी, ३३ टक्के क्लोरीनची असेल तर १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा. वरच्या हौदाला एक चमचा झाला, २०० लिटरच्या बॅरलला चिमूटभर. पावडर थेट टाकायची नाही. मगभर पाण्यात कालवायची, दहा मिनिटं ठेवायची, चुना खाली बसला की फक्त वरचं नितळ पाणी ओतायचं. अर्धा-पाऊण तास थांबून मग प्यायचं. किंचित वास येणं हे क्लोरीन शिल्लक असल्याचं लक्षण आहे. उघडी, ओलसर, वर्षभर कोनाड्यात पडलेली पावडर म्हणजे नुसता चुना. तिचा उपयोग भिंत रंगवायलाच.

दोन गैरसमज इथं सर्रास आढळतात. तुरटी फिरवली की पाणी नितळ होतं, पण जंतू मरत नाहीत. तुरटी आधी, क्लोरीन किंवा उकळणं नंतर. दुसरा असा, की ब्लिचिंगनं डासाच्या अळ्याही मरतात. पिण्याच्या प्रमाणात टाकलेल्या क्लोरीननं अळीला काही होत नाही. गार पाण्याच्या जारचंही तेच, थंड असणं म्हणजे शुद्ध असणं नव्हे.

ब्लिचिंग पावडर आणि संडास धुवायचं ऍसिड कधीही एकत्र येऊ द्यायचं नाही. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो.

बोअरचं पाणी पिण्याला वापरणाऱ्या घरांना वेगळी अडचण असते. काळ्या खडकातलं पाणी जड असतं, भांड्याला पांढरा थर चढतो आणि साबणाला फेस येत नाही. बार्शीच्या बाजारातली तूरडाळ घ्यावी आणि ती शिजायलाच तास लागावा, असा हा प्रकार. नळाचं पाणी स्वयंपाकाला आणि बोअरचं वापराला, अशी वाटणी बरी. आरओ मशीन असेल तर त्यातून बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून फरशी आणि संडासाला वापरावं. झाडांना रोज देऊ नये, क्षार साचतात. शौचालयाची टाकी किंवा शोषखड्डा आणि बोअर यांत किमान ५० फूट अंतर हवं. दाट पेठांत ते राहत नाही, तिथं बोअरचं पाणी पिण्याआधी तपासून घेतलेलं बरं.

नळाला मोटार लावली तर

पाणी आलं की गल्लीत मोटारींचा आवाज सुरू होतो. नळाला थेट मोटार लावली की पुढच्या घरांचं पाणी ओढलं जातं, हे भांडण सगळ्यांना माहीत आहे. त्याहून वाईट गोष्ट दिसत नाही. पाणी बंद असताना पाइपात दाब नसतो. त्याच वेळी किंवा कमी दाबात मोटारीनं ओढलं, तर जिथं जोड गळका आहे तिथून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत शोषलं जातं. मग ते मोटारवाल्याच्याच नाही, पूर्ण गल्लीच्या घागरीत येतं. एकाच गल्लीत जुलाब-उलट्या, कावीळ का निघते, याचं उत्तर पुष्कळदा इथं असतं. नगरपरिषदा अशा मोटारी जप्त करतात, पण चोवीस तास पहारा कोण देणार? गल्लीनंच ठरवावं लागतं. योग्य रीत अशी, की नळाचं पाणी आधी आपल्या दाबानं खालच्या टाकीत पडू द्यायचं आणि मोटार त्या टाकीला लावायची.

पाणी सुटल्यावर पहिली दोन-चार मिनिटं गढूळ येतं. ते पिण्याच्या बॅरलात घ्यायचं नाही, बादलीत धरून अंगणाला घालायचं. वास, फेस किंवा काळसरपणा दिसला तर पाणीपुरवठा विभागाला लगेच कळवायचं, नमुना बाटलीत धरून ठेवायचा. गटारातून जाणारा आपला नळजोड स्वतः बघून घ्यावा. गंजलेला पाइप बदलण्याचा खर्च एका काविळीच्या आजारपणापेक्षा कमीच असतो.

जमिनीखालची टाकी साफ करताना

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी, मोठी टाकी साफ करावी. पाणी तळाला आलेलं असतानाच हे काम धरलं की वाया काही जात नाही. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो. झाकणं उघडून काही तास हवा खेळू द्यावी, एकट्यानं उतरू नये, वर कुणीतरी उभं असावं, मोटारीची वीज बंद करावी. आत गेलेला माणूस चक्कर येऊन पडला तर त्याच्यामागं दुसऱ्यानं उडी टाकू नये, अशा अपघातांत वाचवायला गेलेलाही जातो. शौचालयाच्या टाकीत तर माणूस उतरवायचाच नाही. २०१३ च्या कायद्यानं त्याला बंदी आहे, उपसा करणारी गाडीच बोलवायची. आणि लहान पोरं असलेल्या घरात हौदाच्या झाकणाला कडी-कुलूप हवं.

छताचं पाणी आणि सांडपाणी

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे ९३ चौरस मीटर. एका २० मिलिमीटरच्या पावसात, गळती-सुकती वजा जाता, १५०० लिटर हाती लागतात. पहिले दोन पाऊस छत धुऊन जाऊ द्यावेत, मग जाळी, खडी आणि वाळूच्या गाळणीतून पाणी टाकीत घ्यावं. पत्रा आणि स्लॅबवरचं पाणी वापराला उत्तम. जुन्या माळवदाच्या घरांना हे जमत नाही, पांढऱ्या मातीचा गाळ येतो. ते पाणी अंगणातल्या झाडांनाच द्यावं.

मोरीचं पाणी रस्त्यावर सोडण्याऐवजी शोषखड्डा घेता येतो. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी (आपल्या माढ्यातलं नव्हे) घरोघरी असे खड्डे घेऊन डासमुक्तीसाठी राज्यभर गाजलं. खड्डा साधारण ४ फूट लांब, रुंद आणि खोल, आत भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोटे, वर झाकण, असा तो प्रकार. बार्शीत एक अडचण येते. इथली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी आत घेत नाही. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल जायचं. मुरूम लागतच नसेल तर खड्ड्याचा नाद सोडून कर्दळ, अळू, केळीचा वाफा करून त्यात पाणी फिरवायचं. पाणी दिवसभरात मुरलं पाहिजे. वाफ्यात डबकं राहिलं तर वाफा लहान पडतोय, तो वाढवायचा.

ताप आलाच तर

अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागं दुखणं, अंग मोडून येणं, पुरळ, अशी लक्षणं असतील तर दुकानातून दुखण्याची गोळी घेऊन अंगावर काढू नये. डेंग्यूत अॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी-पेज आणि डॉक्टर. ताप उतरल्यावरच्या एक-दोन दिवसांत जास्त लक्ष ठेवावं. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठावा. रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावं, म्हणजे त्याला चावलेला डास शेजाऱ्याकडं जात नाही. आणि त्याच दिवशी आपल्या घरासह डावी-उजवीकडच्या चार-चार घरांचे हौद, बॅरल आणि गच्च्या बघून घ्याव्यात.