पाणी कुणीकडे जाते?

परासरणाची व्याख्या शाळेतच पाठ होते: निवडक्षम पारपटलातून पाणी विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे जाते. व्याख्या बरोबर आहे, पण पेशी समोर आली की ती अपुरी पडते. या शास्त्राची खरी गंमत तिथून सुरू होते.

१८८४ मध्ये ह्यूगो द फ्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने वनस्पतिपेशींतला रससंकोच वापरून निरनिराळ्या द्रावणांची तुलना केली. आपल्या महाविद्यालयांत आजही र्‍हिओच्या पानाची जांभळी साल साखरेच्या पाकात ठेवून तोच खेळ दाखवतात. रिक्तिका आकसते, प्रद्रव्यपटल भित्तिकेपासून सुटते. वेळीच साध्या पाण्यात ठेवली, तर पेशी पुन्हा भरते. तांबड्या रक्तपेशी साध्या पाण्यात टाकल्या तर मात्र त्या फुटतात, आणि फुटलेल्या पेशीला परतीची वाट नाही. पाणी दोन्हीकडे आतच शिरते. वनस्पतीची भित्तिका त्याला उलट रेटते, एवढाच फरक; पण कोवळा देठ ताठ उभा राहतो तो याच रेट्यावर. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा अनेकदा दुप्पट-तिप्पट असतो.

दुसरी अडचण जास्त बारीक आहे, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची. ०.९ टक्के मिठाचे पाणी आणि १.८ टक्के युरियाचे द्रावण घ्या. दोन्हींत विरघळलेल्या कणांची संख्या जवळजवळ सारखी. मिठाच्या पाण्यात रक्तपेशी सुखरूप राहते. शिरेतून देतात ते सलाइन याच प्रमाणाचे. युरियात मात्र ती फुटते, कारण युरिया पटल ओलांडून आत जातो आणि त्याच्यामागून पाणीही. म्हणून द्रावण समपरासारी आहे का, म्हणजे त्यात पेशी फुगत वा आकसत नाही ना, हे नुसते कण मोजून सांगता येत नाही. कोणत्या पेशीसाठी, आणि तिचे पटल कशाला वाट देते, हे आधी विचारावे लागते.

पाण्यालाही पटलात खास वाटा असतात. पीटर अ‍ॅग्रे यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये तशी वाहिनी दाखवून दिली, तीही रक्तपेशीतच सापडलेल्या प्रथिनाची. २००३ चे नोबेल त्यासाठीच.

नवख्या वाचकाने परासरण दाब मोजण्याचे व्हान्ट हॉफचे समीकरण पहिल्या वाचनात खुशाल बाजूला ठेवावे. आधी साल सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावी, पाक कमी-जास्त करून पाहावा, आणि निम्म्या पेशी आकसतात ते प्रमाण वहीत टिपावे. समीकरण त्यानंतर उघडावे.